शेवटी चढलेली गाडी आधी उतरते

दादरचा एक विद्यार्थी संरक्षणशास्त्राचा अभ्यास करतो. त्याने मला विचारलं आहे: "सर, समुद्रातून किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याच्या मोहिमेचे पाच टप्पे पुस्तकात दिलेत. नियोजन, जहाजांवर चढणं, रंगीत तालीम, प्रवास आणि कारवाई. पाचांतले चार टप्पे तर लढाईच्या आधीचेच. एवढं कागदकाम खरंच लागतं का? २००८ साली दहा अतिरेकी रबरी बोटीतून कफ परेडला उतरले, त्यांना कुठली डॉक्ट्रिन, म्हणजे लेखी युद्धतत्त्वं, लागली? मग हजार जवान उतरवायला अडचण काय?"

प्रश्न चांगला आहे. माझी नौदलातली बरीच वर्षं लँडिंग शिपवर, म्हणजे थेट वाळूला लागून माणसं-गाड्या उतरवणाऱ्या जहाजावर गेली, त्यामुळे थोडं सविस्तर सांगतो.

आधी २६ नोव्हेंबरचं. ती दहा माणसं पाठीवर मावेल तेवढं घेऊन आली होती. त्यांना किनारा ताब्यात ठेवायचा नव्हता, मागून कुणी यायचं नव्हतं, जखमींना परत न्यायचं नव्हतं. त्यांच्या लेखी बोटीचं काम उतरल्या क्षणी संपलं. लष्करी भाषेत याला छापा म्हणतात आणि छाप्याचं शास्त्र वेगळं आहे. आपण बोलतोय ते उतरून टिकण्याबद्दल. हजार जवान उतरले की दमट उन्हात माणशी पाच लिटर धरलं तरी दिवसाला पाच हजार लिटर पाणी लागतं, तेही फक्त प्यायला. आपल्या सोसायटीत येतो तसा अर्धा टँकर, रोज. त्यावर दारूगोळा, डिझेल, राशन, बॅटऱ्या, स्ट्रेचर. हे सगळं जिथे ना जेटी, ना क्रेन, ना रस्ता अशा ओल्या वाळूवर उतरवायचं, आणि समोरून गोळ्या येत असतात.

म्हणून ही मोहीम शेवटाकडून आखतात. आधी ठरतं की किनाऱ्यापलीकडे नेमकं काय घ्यायचं आहे, पूल, विमानतळ की टेकडी. त्यावरून कोणती तुकडी कुठे आणि कितव्या मिनिटाला उतरेल ते ठरतं. त्यावरून कोणती होडी कोणत्या जहाजातून सुटेल. आणि त्यावरून, सगळ्यात शेवटी, गोदीत जहाज कसं भरायचं ते. अंमलबजावणी मात्र नेमकी उलटी, गोदीपासून सुरू होते. त्यामुळे धक्क्यावर झालेली चूक थेट वाळूवर जाऊन फुटते, आणि मधल्या समुद्रात ती दुरुस्त करायला जागाच नसते.

आमचं घर गिरगावातल्या चाळीतून बोरिवलीला हलवलं तेव्हा आईने टेंपोवाल्याला सांगितलं होतं, शेगडी, पाण्याची कळशी आणि देव सगळ्यात शेवटी चढवायचे. नव्या घरी ते आधी खाली आले. कपाटं, पलंग यायच्या आत चहा झाला होता. जहाज भरण्याचं तत्त्व हेच आहे. फरक एवढाच की टेंपोत क्रम चुकला तर चहाला उशीर होतो.

माझ्या हातून हा क्रम एकदा चुकला आहे. पूर्व किनाऱ्यावरचा सराव होता. लँडिंग शिपचा रॅम्प पुढे, नाकाकडे असतो, म्हणून प्रत्येक गाडी उलटी, रिव्हर्समध्ये आत घ्यायची, म्हणजे किनाऱ्यावर ती सरळ पुढे निघते. धक्क्यावर पहाटेपासून थ्री-टन ट्रकांची रांग लागली होती. शिट्टी वाजवत, हात हलवत आमचे नाविक एकेक गाडी टँक डेकवर, म्हणजे गाड्या ठेवायच्या खालच्या मजल्यावर, मागे घेत होते, चाकांना साखळ्या आवळत होते. पाण्याचा ट्रेलर सगळ्यांच्या आधी हजर होता. ऊन चढत होतं, ट्रेलरवाला वाट पाहून कंटाळला होता. मी म्हटलं, चढवा. लोडिंगच्या तक्त्यात तो शेवटून तिसरा होता. माझ्या त्या एका शब्दामुळे तो सगळ्यात आतल्या भिंतीला जाऊन टेकला.

तिसऱ्या दिवशी आम्ही जहाज वाळूला लावलं. गाड्या निघू लागल्या. सातवी की आठवी गाडी रॅम्पच्या तोंडाशी वाळूत रुतली. ती ओढून काढेपर्यंत ओहोटी लागली. पाणी उतरायला लागलं की जहाजाला थांबता येत नाही. थांबलं तर ते पुढची भरती येईपर्यंत वाळूवर बसून राहतं, खऱ्या लढाईत याचा अर्थ तोफेसमोर उभं केलेलं लक्ष्य. कप्तानसाहेबांनी जहाज मागे ओढलं. ट्रेलर आतच राहिला. सव्वाशे जवान बारा-तेरा तास कमरेच्या बाटलीतल्या पाण्यावर राहिले. दोघांना उष्माघाताने सलाइन लावावं लागलं. त्यातला एक साताऱ्याकडचा होता, एकोणीस वर्षांचा. मी दुसऱ्या दिवशी त्याला भेटायला गेलो तर तोच मला "साहेब, काही नाही, ठीक आहे" म्हणत होता. तो तक्ता मी आजही जपून ठेवला आहे.

आता मुंबईशी जोडलेला मोठा धडा सांगतो. १६ ऑक्टोबर १९१४ रोजी मुंबई बंदरातून एक मोठा ताफा निघाला. त्यातली एक फौज जर्मनांच्या ताब्यातल्या पूर्व आफ्रिकेत, आजच्या टांझानियातल्या टांगा बंदरावर उतरायची होती. तिचं नेतृत्व मेजर जनरल एटकेन यांच्याकडे होतं. माणसं सुमारे आठ हजार, समोर जर्मन अधिकारी लेट्टो-फोरबेक याच्याकडे सुमारे हजार. हिशेबाने प्रश्नच नव्हता. पण या पलटणींनी किनाऱ्यावर उतरण्याची तालीम एकत्र कधीच केली नव्हती, आणि बोटीवर मळमळ-उलट्यांनी माणसं दोन आठवड्यांहून जास्त काळ डेकखाली पडून होती. २ नोव्हेंबरला ब्रिटिश क्रूझर 'फॉक्स'चा कप्तान आधी बंदरात गेला आणि तिथल्या स्थानिक तहाचा करार आता रद्द आहे असं रीतसर कळवून आला. पुढे सुरुंगांच्या भीतीने पाणी तपासण्यात वेळ गेला. तेवढ्यात लेट्टो-फोरबेकने रेल्वेने सैन्य आणलं. मुख्य हल्ला ४ तारखेला झाला, ५ तारखेला फौज परत जहाजांवर चढली. मेलेले आणि जखमी मिळून आठशेच्या वर. किनाऱ्यावर १६ मशीनगन आणि सुमारे ६ लाख काडतुसं तशीच राहिली, ती पुढे कित्येक महिने जर्मनांच्या कामी आली. मधमाशांनी दोन्ही बाजूंच्या सैनिकांना फोडून काढलं ती गोष्ट बरेच जण रंगवून सांगतात. माझ्या मते हार त्याआधीच, जहाजं नांगर उचलत होती तेव्हाच ठरली होती.

त्याच ताफ्यातली दुसरी फौज इराणच्या आखाताकडे वळली. तीत ११७वी मराठा पलटण होती. ६ नोव्हेंबरला या फौजेची एक तुकडी आजच्या इराकमधल्या फाव इथे उतरली. 'ओडिन' या युद्धनौकेने आधी किल्ल्याच्या तोफा बंद पाडल्या, मग माणसं उतरली, काम झालं. तिथला विरोध दुबळा होता हे खरं, त्यामुळे दोन्हींची सरळ तुलना करू नये. पण आरमाराने आधी काय करायचं आणि पायदळाने नंतर काय, हे तिथे स्पष्ट होतं. टांगाला ते नव्हतं.

आता पाण्याकडे येऊ. यात मुंबईच्या माणसाला इतरांपेक्षा जास्त कळतं, फक्त आपण ते लष्करी विषयाशी जोडत नाही. कोकणात तिथीवरून भरतीची वेळ काढतात, तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं. अष्टमीला आठ पाऊण सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. पौर्णिमा-अमावस्येचं उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग. उधाणाला मुंबईत पाणी साडेचार मीटरच्या वर जातं, पावसाळ्यात महापालिका त्याच तारखा जाहीर करते. भांगाला पाण्याचा चढ-उतार बराच कमी असतो. लँडिंगची तारीख आणि तास ठरवणारे अधिकारी हेच गणित करतात, फक्त त्यांच्याकडे तक्ते जास्त बारीक असतात.

हे गणित चुकलं की काय होतं ते २० नोव्हेंबर १९४३ ला प्रशांत महासागरातल्या तारावा बेटावर दिसलं. भांगाचे दिवस, त्यात चंद्र पृथ्वीपासून दूर. प्रवाळाच्या कड्यावर अमेरिकन होड्यांना तरंगायला सुमारे चार फूट पाणी हवं होतं, तेवढं आलंच नाही. होड्या कड्यावर अडकल्या आणि मरीन सैनिक छातीएवढ्या पाण्यातून कित्येकशे मीटर, मशीनगनच्या समोर, चालत गेले. त्या लढाईत हजाराहून जास्त अमेरिकन मेले. त्या बेटांवर राहिलेल्या एका माणसाने आधीच सांगितलं होतं की या दिवसांत पाणी दगा देईल. त्याचं बोलणं नियोजकांनी ऐकलं होतं, तरी धोका पत्करला गेला. मला ही गोष्ट वाचली की आपले तांडेल आठवतात. वर्सोव्याच्या किंवा थळच्या म्हाताऱ्या तांडेलाला किनाऱ्यातली कुठली खाच कुठल्या वाऱ्यात भरते ते विचारा, तो नकाशा न बघता सांगेल. नियोजनाच्या टेबलावर अशा माणसाला खुर्ची हवी, असं माझं ठाम मत आहे.

उलट बाजूने कोरियातलं इंचॉन पाहा. १५ सप्टेंबर १९५०, अमावस्येनंतरचं उधाण. तिथे भरती-ओहोटीतला फरक तीस फुटांच्या आसपास. ओहोटीला सगळा चिखल, भरतीला दगडी बांधापर्यंत पाणी. जहाजांना दिवसातून फक्त दोनदा, थोड्या तासांपुरती वाट मिळणार होती. म्हणून सकाळच्या भरतीला फक्त वोल्मी-डो हे बेट घेतलं. तिथे उतरलेले मरीन दिवसभर, मागून कुणी येऊ शकत नाही हे माहीत असून, एकटे राहिले. मुख्य फौज संध्याकाळच्या भरतीला आली आणि होडीतून शिड्या लावून बांधावर चढली. त्या शिड्या आधी बनवून घेतलेल्या होत्या. मरीन ड्राइव्हच्या कठड्याखाली उभं राहून वर बघा, म्हणजे शिडी विसरली असती तर काय झालं असतं ते लक्षात येईल.

नॉर्मंडीचा निर्णय आणखी अवघड होता. जर्मन सेनापती रोमेलने लोखंडी आणि लाकडी अडथळे भरतीच्या पाण्याखाली झाकले जातील असे रोवले होते. भरतीला गेलं तर होड्या त्यांवर फुटणार, ओहोटीला गेलं तर सैनिकांना उघड्या वाळूवरून लांब धावावं लागणार. शिवाय आदल्या रात्री छत्रीधारींना चंद्रप्रकाश हवा. या सगळ्याला जुळणारे दिवस महिन्यात मोजके. ५ जून ठरला, हवा बिघडली, एक दिवस पुढे ढकलला, ६ जून १९४४ ला पौर्णिमा होती. पाणी चढत असतानाच, पण अडथळे अजून उघडे असताना उतरायचं ठरलं. इंग्लिश खाडीत भरती पश्चिमेकडून सरकत येते, म्हणून अमेरिकन किनाऱ्यांवर साडेसहाला आणि ब्रिटिश किनाऱ्यांवर जवळपास तासाभराने सुरुवात झाली. त्यातल्या ओमाहा या अमेरिकन किनाऱ्यावर फार माणसं मेली. तरीही मी म्हणेन की वेळेची निवड बरोबर होती.

पाण्याखालची जमीन हा दुसरा भाग. जुहूला ओहोटीला आत चालत गेलात तर अनुभव आला असेल. आधी गुडघाभर, मग एकदम छातीपर्यंत, आणि पुन्हा घोटाभर पाण्यात वाळूचा उंचवटा. जहाजाचं नाक त्या बाहेरच्या उंचवट्याला टेकलं की वरच्या माणसाला वाटतं, किनारा आला. डिसेंबर १९७१ च्या युद्धात, आजच्या बांगलादेशातल्या कॉक्स बाजारजवळ आपल्याच बाबतीत हे घडलं. गुरखा सैनिकांना कलकत्त्याहून व्यापारी जहाजाने नेलं, समुद्रात 'घडियाल' आणि 'गुलदार' या लँडिंग शिपवर उतरवलं आणि किनाऱ्याकडे पाठवलं. किनाऱ्याची नीट पाहणी झाली नव्हती, तालीमही नव्हती. जहाज टेकलं ते वाळूच्या बांधावर. पलीकडे डोक्यावर पाणी. पाठीवर पूर्ण ओझं घेतलेले जवान त्यात उतरले आणि काही बुडाले. शत्रूची एकही गोळी न लागता. डोंगरात वाढलेल्या त्या पोरांचा विचार मनात आला की मला अजूनही त्रास होतो. आपल्या नौदलाने ही चूक लपवून ठेवली नाही, अधिकृत इतिहासात लिहिली आणि त्यातून शिकलं, याचं मला समाधान आहे. पुढच्या काळात किनाऱ्याची आगाऊ पाहणी, वाळूची ताकद आणि उताराचं मोजमाप यांवर जो भर आला, त्यामागे अशा अनुभवांचा वाटा आहे.

जहाज वाळूला लावताना नेमकं काय होतं ते बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. टाक्यांमधलं पाणी हलवून नाक हलकं आणि शेपूट जड करतात, म्हणजे पुढचा भाग वाळूवर अलगद चढतो. किनारा काही शे मीटरवर असताना मागचा नांगर सोडतात. तार ड्रमवरून सुटताना जो खणखणाट होतो तो सगळ्या जहाजभर ऐकू जातो, आणि खाली टँक डेकवर बसलेले जवान त्या आवाजाला एकदम गप्प होतात. डिझेलचा वास, उलटीचा वास, वर कुठेतरी पत्र्यावर पडणारं पाणी. मग तळाला वाळू घासते. धक्का बसत नाही, खरखर येते. इंजिन हळू पुढे चालूच ठेवायचं, नाहीतर लाटा जहाज आडवं फिरवतात. दरवाजे उघडतात आणि इतका वेळ अंधारात असलेल्या माणसांच्या डोळ्यांवर ऊन येतं. परत निघताना हाच मागचा नांगर ओढून जहाज वाळूतून काढतात. तो नीट पकडला नसेल तर पुढचं सगळं नियोजन तिथेच थांबतं.

हुकूम कुणाचा, या प्रश्नावर पुस्तकं पानंच्या पानं भरतात. तत्त्व सोपं आहे. समुद्रावर असेपर्यंत आरमाराचा अधिकारी, किनाऱ्यावर फौज स्थिरावली की पायदळाचा, आणि आखणी दोघांनी पहिल्या दिवसापासून एकत्र. अडचण ही की हवाई दल, पायदळ, नौदल आपापल्या खोलीत आखतात आणि मग कागद जोडतात. ऑगस्ट २०२५ मध्ये तेव्हाचे संरक्षण दल प्रमुख (सीडीएस) जनरल अनिल चौहान यांनी अशा मोहिमांच्या संयुक्त डॉक्ट्रिनची खुली आवृत्ती प्रसिद्ध केली. ती मिळवून वाचा. तुमच्या पाच टप्प्यांमागची कारणं तिथे कळतील.

पुरवठ्याबद्दल दोनच उदाहरणं. १९८२ साली ब्रिटिश ताफा फॉकलंडकडे घाईत निघाला तेव्हा सामान जसं आलं तसं भरलं होतं. वाटेत असेन्शन बेटावर थांबून त्यांनी ते उतरवलं, लावलं आणि पुन्हा भरलं, म्हणजे उतरण्याच्या क्रमात आणलं. त्या ताफ्याचं निशाणाचं जहाज 'हर्मिस', जे पुढे आपलं 'विराट' झालं आणि २०१७ मध्ये मुंबईतच निवृत्त झालं. त्याच युद्धात २५ मे रोजी 'अटलांटिक कन्व्हेयर' हे मालवाहू जहाज क्षेपणास्त्र लागून पेटलं आणि काही दिवसांनी बुडालं, त्याबरोबर तीन चिनूक हेलिकॉप्टरं गेली, आणि सैनिकांना बेट पायी ओलांडावं लागलं. एकाच जहाजात सगळं भरू नये हा नियम तिथे नव्याने शिकला गेला. मुंबईला तर काय एकत्र भरू नये हे १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत कळलं होतं. 'फोर्ट स्टिकिन'वर कापसाच्या गासड्या आणि सुमारे चौदाशे टन स्फोटकं एकाच जहाजात होती; आग लागली आणि स्फोटांनी गोदी उद्ध्वस्त झाली. आमच्या लोडिंगच्या तक्त्यात इंधन, दारूगोळा आणि पेट घेणारा माल यांच्यातलं अंतर लिहिण्याचा रकाना असतो. तो भरताना माझ्या डोळ्यांपुढे नेहमी ती गोदी यायची.

दुसरं उदाहरण आपल्या बंदराच्या तोंडाशीच आहे. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला. मायनाक भंडारी बेटावर होता. इंग्रजांची मोठी जहाजं बेटाभोवती फिरत होती, तरी थळहून लहान, उथळ होड्या रात्री दगड, धान्य आणि माणसं पोचवत राहिल्या. जिथे मोठं जहाज येऊ शकत नाही त्या पाण्यातून त्या जात. खांदेरी टिकली ती त्या फेऱ्यांवर.

मढ-मार्वेला आयएनएस हमला आहे. दुसऱ्या महायुद्धात लँडिंग क्राफ्टवरच्या नाविकांना तयार करण्यासाठी ते केंद्र उभं राहिलं, आधी मंडपमला, मग मुंबईत. नाव त्यावरूनच. आज तिथे नौदलाचे लॉजिस्टिक्सचे लोक तयार होतात, म्हणजे राशन, सामान, हिशेब बघणारे. माझ्या ओळखीचे काही जण म्हणतात, नाव एक आणि काम दुसरं. मला तसं वाटत नाही.

आता तुम्हाला काम देतो. येत्या अष्टमीला आणि नंतर पौर्णिमेला जुहूला जा, भरती आणि ओहोटी दोन्ही वेळा. पाण्याच्या रेषेपासून कोरड्या वाळूपर्यंत पावलं मोजा, कागदावर लिहा. ओली वाळू कुठे पाय धरते आणि कुठे पाय आत जातो तेही लिहा. मग घरी बसून एक कल्पना करा: पूर आलेल्या किनाऱ्यावरच्या गावात शंभर माणसांचं मदतपथक तुम्हाला समुद्रातून उतरवायचं आहे, जहाज एक, होड्या चार, भरतीचे तास तीन. पाणी, औषधं, जनरेटर, दोर, तंबू, वायरलेस, पहिल्या होडीत काय? ते ठरलं की दुसऱ्या होडीत काय? असं करत जहाज भरण्याच्या यादीपर्यंत मागे या. यादी लिहून मला पाठवा. पाण्याचे कॅन कितव्या नंबरला आहेत, ते मी सगळ्यात आधी बघणार आहे.